तिऱ्हाईत

प्रोखोरनं तिला लाडानं, लग्नातल्या दिवसांसारखं 'ग्लाशेन्का' म्हटलं आणि ग्लाफिराच्या हातातली सुरी बटाट्यावरच थांबली. भोजनालयाच्या मागच्या दाराशी, जिथं पोती उतरवतात तिथं, तो टोपी हातात घेऊन उभा होता. मार्चचा बर्फ विरघळून अंगणाचा नुसता राडा झाला होता, त्यातून तो बूट भरवून आला होता, आणि तरी हसत होता. काडीमोड होऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तो तिला 'ग्लाफिरा साविश्ना' म्हणत असे, आणि चिडला की 'नागरिक'. दोघं अजून एकाच खोलीत राहत होती, कारण मॉस्कोत दुसरी खोली मिळवणं म्हणजे वाघिणीचं दूध आणणं. खोलीच्या मधोमध एक कपाट होतं. कपाटापलीकडून येणारं ते अदबीचं नाव तिच्या अंगवळणी पडलं होतं. माणसाला कशाचीही सवय होते. पण 'ग्लाशेन्का' हे नाव मेलं असं ती धरून चालली होती. ते असं चिखल तुडवत कामाच्या जागी येऊन उभं राहील असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि रागाच्या आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी हललं, त्याची तिला लाज वाटली.

एक काम होतं, असं तो म्हणाला. कामाशिवाय हा माणूस कुणाचं दार वाजवत नाही हे तेरा वर्षांच्या संसारात तिला कळून चुकलं होतं. काम असं होतं. फेन्यानं, म्हणजे कपाटापलीकडे वर्षभराहून जास्त त्याच्याबरोबर राहणाऱ्या गिरणीतल्या पोरीनं, लोकन्यायालयात दावा लावला होता की मी याची बायको आहे. नोंदणी झालेली नव्हती. नोंदणी म्हणजे जुन्या बुरसटलेल्या लोकांचं खूळ, असं प्रोखोरच तिला सांगत आला होता. आता नवा कायदाही तेच म्हणत होता. दोघं एकत्र राहिली, एका चुलीवर जेवली, तर कागद असो वा नसो, ती नवरा-बायको. म्हणजे प्रोखोरचीच शिकवण कायद्याचा कोट घालून त्याच्या मानगुटीवर बसली होती. फेन्याला सातवा महिना होता. मुलाचं जे काय असेल ते मी बघेन, मी काही हात झटकणारा माणूस नव्हे, असं तो म्हणाला. पण बायको ठरली तर ती खोलीतून हलायची नाही. तेवढ्याशा जागेत रडणं, लंगोट, रात्रीची जागरणं. त्याला व्याख्यानं तयार करायची असतात. तिनं आपलं गिरणीच्या वसतिगृहात जावं.

तिथं तान्ही मुलं ठेवून घेत नाहीत, असं ग्लाफिरा म्हणाली. घेतील, काळ बदलतोय, असं तो म्हणाला. मग दोन पावलं पुढं येऊन त्यानं आवाज खाली केला.

"तुला खोटं बोलायचं नाहीये, ग्लाशा. उद्या न्यायालयात विचारतील, चूल कुणाची एक होती? तू खरं तेच सांग. सूप कुणी केलं? तू. माझे मोजे कुणी रफू केले? तू. मग संसार कुणाचा कुणाशी होता? त्या पोरीला अजून बटाटा धड उकडता येत नाही. कायद्यानं बघायला गेलं तर आपण वेगळे झालोच नाही." आणि जाता जाता, टोपी घालताना, तो म्हणाला, "नंतर ते कपाट परत भिंतीला लावू. खोलीत उजेड तरी येईल."

तो गेल्यावर ती पुन्हा बटाटे सोलायला बसली. आत जेवणाच्या दालनात, भिंतीवर, लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की चुलीच्या गुलामीतून स्त्री मुक्त झाली. त्या कापडाखाली रोज शेकडो माणसं कोबीचं सूप पीत, आणि ते सूप शिजवायला आत अठरा मुक्त बायका घामाघूम होत. ग्लाफिराला याचं हसू येत नसे, रागही येत नसे. दिवसभर ज्यानं कोबी चिरलाय त्याला घोषणेत चूक काढायचं त्राण राहत नाही. आज मात्र तिला वाटलं, की ही चूल आपला पिच्छा काही सोडत नाही. इथून सुटलं की घरी ती आहेच. आता ती न्यायालयातही यायची होती साक्षीला.

घरी जाताना तिला नोंदणी कचेरीचा तो दिवस आठवत राहिला, जरी ती त्या दिवशी कचेरीत नव्हतीच. जायची गरजच नव्हती; नव्या कायद्यात एकानं जाऊन सांगितलं तरी पुरतं. तो संध्याकाळी आला, हात धुतले, जेवायला बसला, आणि अर्धा वाडगा संपल्यावर म्हणाला, "आज दुपारी मोडून आलो बरं का आपलं लग्न. रांगेत दोन बायका पुढं होत्या, नाहीतर त्याआधीच झालं असतं." मग त्यानं वाडगा पुढं केला आणि आणखी सूप मागितलं. तिनं वाढलं. पुढं कितीदा तरी तिच्या मनात आलं, की वाढलं नसतं तर? पातेलं उचलून खिडकीतून फेकलं असतं तर? पण हात आपोआप पळीकडे गेला होता. त्याची बाजू सांगायची तर तो वाईट वागला नव्हता. त्यानं समजावून सांगितलं होतं, की प्रेम संपलं की एकत्र राहणं ही लबाडी आहे, आणि लबाडी त्याला जमत नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कपाट ओढून मधोमध आणलं. ओढताना त्यानं "पायावर पडेल, जपून" असं म्हटलं होतं. कपाटाची दारं आणि आरसा त्याच्या बाजूला गेला, तिच्या वाट्याला आली पाठ, बिनरंगाच्या फळ्यांची. तिचे कपडे मात्र कपाटातच होते. दोन वर्षं ती धुतलेला झगा हवा असला की पलीकडे हाक मारून मागत होती, आणि आरशात पाहायची गरज हळूहळू सरून गेली.

सूप पुढंही चालू राहिलं. पहिल्या आठवड्यात तिनं लहान पातेलं आणलं होतं, एका माणसाचं. पण कोबी चिरताना हात दोघांचं मोजायचा. उरलेलं टाकवत नाही. एकोणीस-वीस सालची उपासमार ज्यानं बघितली त्याला अन्न टाकता येत नाही. मग तो वाडगा घेऊन कपाटाला वळसा घालून यायचा आणि म्हणायचा, उरलं असेल तर. पुढं फेन्या आली. ती चौदाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलेली. तिला चहा येत होता आणि खारा मासा सोलता येत होता. तिची लापशी खालून जळायची आणि वरून कच्ची राहायची. पहिले काही दिवस प्रोखोरनं ती नव्या जीवनाच्या आनंदात खाल्ली. मग एका संध्याकाळी वाडगा पुन्हा आला. काही महिन्यांनी त्याच्या मागोमाग फेन्याही आली, आपला वाडगा पाठीमागं लपवून, शाळेतल्या मुलीसारखी. ग्लाफिरानं तिलाही वाढलं. याला काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. शेजारच्या मार्फा किरिलोव्नाला ठाऊक होतं. मार्फाच्या नवऱ्याचा एकेकाळी हा सगळा मजला होता आणि आता ती त्याच मजल्यावरच्या जुन्या कोठीच्या खोलीत राहत होती, त्यामुळे तिच्या जिभेला धार होती. ती म्हणायची, "अगं, सवतीला जेवू घालणारी तूच पहिली बघितली. आमच्या वेळी निदान विष तरी कालवायच्या."

त्या संध्याकाळी सामाईक स्वयंपाकघरात सहा स्टोव्ह फरफरत होते आणि कुणी बोलत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. फेन्या आपल्या स्टोव्हशी पाण्याचं भांडं ठेवून उभी होती, एक हात कमरेवर, पाय सुजलेले, अंगात कुणाचातरी पुरुषी डगला. ग्लाफिराला काय म्हणून हाक मारावी ते तिला वर्षभरात ठरवता आलं नव्हतं. आजही ती भिंतीकडे बघत बोलली.

"ते तुमच्याकडे येऊन गेले ना आज? मला माहितीय. तुम्ही त्यांच्या बाजूनं बोलणार. मी तुमच्या जागी असते तर मीपण तेच केलं असतं." मग भांड्यावर झाकण ठेवत, "मला फक्त एवढंच वाटतं, की मी नुसती आले आणि राहिले, असं कुणी म्हणू नये. कुत्रं येऊन राहतं तसं."

ग्लाफिरानं कोबीचा गड्डा पुढं ओढला. पातेल्यात कोबी टाकताना तिच्या लक्षात आलं, की हात आता तिघांचं मोजतो. तिला स्वतःचाच वीट आला. त्या पोरीचा राग यावा म्हणून ती कधीपासून वाट पाहत होती. राग आला असता तर सगळं सोपं झालं असतं. प्रोखोर कामगारांच्या क्लबात बायकांसमोर व्याख्यान द्यायचा, की मत्सर म्हणजे खासगी मालमत्तेचं शेपूट, ते नव्या माणसाला नसतं. ग्लाफिराला शेपूट होतं की नव्हतं कुणास ठाऊक, पण ते हलवण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. फेन्या त्याला त्याच व्याख्यानात भेटली होती. शेवटी प्रश्न विचारा म्हणतात तेव्हा बाकीच्या पोरी खाली बघून हसत होत्या, ही उठून म्हणाली, "मूल रात्री रडलं तर कोण उठणार?" सगळं सभागृह हसलं. प्रोखोर म्हणाला, "समाज उठेल." ही गोष्ट तोच मोठ्या कौतुकानं सांगायचा, की बघा, साधी गिरणीतली पोर आणि काय प्रश्न विचारला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातला प्रकार. पण तो ढोंगी नव्हता, हेच कठीण होतं. तो जे बोलायचा ते बोलताना खरंच मानायचा. छापखान्यात अक्षरं जुळवायचा तेव्हा गप्प होता, नखांत शाई, रविवारी चर्चमधून येताना तिचा हात धरून चालायला लाजायचा. युद्धावरून, आणि मध्ये वर्षभर घरी राहून नंतरच्या यादवीतून, परत आला तो शब्दांनी भरून आला. तेव्हापासून तो बोलतोय.

तो परत आला तेव्हा नास्त्या नव्हती. चार वर्षांची पोर, टायफसच्या हिवाळ्यात गेली. ग्लाफिरानं तिला पत्र्याच्या घसरगाडीवर ठेवून दफनभूमीपर्यंत एकटीनं ओढत नेलं होतं. तो आला, त्यानं ऐकलं, खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि पाठ न वळवता म्हणाला, की नवं जग येतंय, त्यात मुलं अशी मरणार नाहीत. तेवढंच. पुढं कधी त्यानं नास्त्याचं नाव काढलं नाही. तिनं काढलं की तो उठून पाणी प्यायला जायचा. पुरुषांचं असंच असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं, आत साठवतात. आणि या समजुतीवर तिनं संसाराची उरलेली सगळी वर्षं काढली, की त्याच्या आत एक बंद खोली आहे, त्या खोलीत नास्त्या आहे, आणि ती खोली कुणालाच उघडत नाही, मलाही नाही, म्हणजे कुणालाच नाही.

गेल्या शरद ऋतूत एका संध्याकाळी ती कपाटाच्या अलीकडे मोजा हातावर चढवून रफू करत बसली होती, त्याचाच मोजा. पलीकडे तो फेन्याशी हळू आवाजात बोलत होता. ऐकू नये म्हणून तिनं कधी कान बंद केले नव्हते आणि ऐकावं म्हणून कधी उघडलेही नव्हते. फळ्यांतून जे येतं ते येतं. त्या दोघांचं जवळ येणंही तिनं ऐकलं होतं, आणि त्याचं तिला वाटलं होतं त्याहून कमी वाईट वाटलं होतं. पण त्या संध्याकाळी तो नास्त्याबद्दल सांगत होता. तिचा पुढचा एक दात पडायच्या आधीच कसा किडला होता, ती 'छापखाना' म्हणताना कशी अडखळायची, त्याच्या शाईच्या बोटांना ती कशी घाबरायची. ग्लाफिरा विसरली होती अशा गोष्टी. मग त्याचा आवाज फुटला आणि तो रडला. चांगला हमसून रडला, आणि ती पोरगी नुसती श्वास घेत राहिली. ग्लाफिरा हातातला मोजा तसाच धरून बसली. तिला उठून पलीकडे जावंसं वाटलं, आणि म्हणावंसं वाटलं, की ती माझी मुलगी आहे, तिच्यासाठी रडायचं असेल तर इकडे ये. ती गेली नाही. तिनं मोजा पुरा केला. काडीमोडाच्या दिवशी आपलं काही मोडलं असं तिला वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी वाटलं.

म्हणून आता प्रोखोर म्हणत होता ते खरं होतं आणि खरं नव्हतं. सूप तिचं होतं. मोजे तिनं रफू केले होते. कायदा सूप बघतो. कायदा फळ्यांतून ऐकत नाही. तिनं फक्त खरं बोलायचं होतं, एकही शब्द खोटा नाही, आणि ती पोर डगला सावरत वसतिगृहाच्या दारात उभी राहिली असती. मग कपाट भिंतीला लागलं असतं. खिडकीचा उजेड टेबलापर्यंत आला असता आणि टेबलाशी तो बसला असता, वाडगा पुढं करून. आणि हे चित्र तिला हवं होतं. ही खरी शरमेची गोष्ट होती. या वयात, एवढं सगळं ऐकून झाल्यावर, तिला ते हवं होतं, जसं थंडीत ओला का होईना कोट हवा असतो. रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. सकाळी उठली तेव्हा काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. ठरवायचाही कंटाळा आला होता.

न्यायालय एका जुन्या दुकानाच्या मोठ्या खोलीत होतं. न्यायाधीश बाई स्वतः कधीकाळी गिरणीत काम केलेली, रुंद हाताची, सर्दीनं बेजार; दर पाच मिनिटांनी रुमाल काढायची. तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या दोन पंचांपैकी एक सारखा घड्याळ बघत होता. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. आपापल्या भानगडींची वाट पाहत दुसऱ्यांच्या ऐकत होती. प्रोखोर छान बोलला. मैत्री म्हणजे मालकी नव्हे, स्त्री म्हणजे खोलीबरोबर मिळणारं सामान नव्हे, वगैरे. एका बाईनं मान डोलावली. मग फेन्या उठली आणि तिला दोनच वाक्यं बोलता आली. आम्ही एकत्र राहिलो. मी त्यांना सोडून कुणाकडे गेले नाही. मग ती खाली बसली, आणि बसताना तिला बाकाचा आधार घ्यावा लागला.

ग्लाफिराला पुढं बोलावलं. स्वयंपाक कोण करत होतं, असं न्यायाधीश बाईनं विचारलं. मी, असं ती म्हणाली. सगळ्यांचा? सगळ्यांचा. मग ही काय करायची? ग्लाफिरानं विचार केला. "जेवायची," ती म्हणाली. बाकांवर हशा पिकला. फेन्याची मान खाली गेली. प्रोखोरनं हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघून, कुणाला कळणार नाही इतपत, हसला. ते जुनं हसणं होतं, चर्चमधून येतानाचं. एवढं एक हसू मिळावं म्हणून तिनं किती सूप केलं होतं. तिला वाटलं, झालं, आता काही बोलायचं उरलं नाही, घरी जाऊन झोपावं.

न्यायाधीश बाईनं नाक पुसलं आणि पुढ्यातलं पुस्तक उघडलं. चूल ही एक खूण झाली, असं ती म्हणाली. कायदा आणखीही विचारतो. एखाद्या तिऱ्हाइतासमोर त्यानं हिला बायको म्हणून कधी सांगितलं का? तिनं फेन्याकडे पाहिलं. फेन्या म्हणाली, त्यांना तो शब्दच आवडत नाही. कधी कुणाला नाही सांगितलं. क्लबात ते 'कॉम्रेड' म्हणून ओळख करून द्यायचे. मग बाईनं ग्लाफिराकडे पाहिलं आणि तेच विचारलं. तुमच्यासमोर?

"त्या तिऱ्हाईत नाहीत, कॉम्रेड न्यायाधीश," प्रोखोर जागेवरूनच म्हणाला. "तोच तर माझा मुद्दा आहे."

"मग कोण आहेत?"

"ही... ही ग्लाशा आहे."

"ते नाव झालं, नागरिक. तुमची कोण लागते?"

प्रोखोरनं तोंड उघडलं. ग्लाफिरा त्याच्याकडे बघत होती. आता एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याच्याच फायद्याचा होता, तो म्हणायला तर तो आज इथं आला होता, आणि ती मनात त्याला अक्षरशः ढकलत होती, म्हण, म्हण की. तो म्हणाला, "जुनी सोबत आहे." मग ते अपुरं वाटून म्हणाला, "आमचं घर एक होतं." न्यायाधीश बाई वाट बघत राहिली. तो टोपी फिरवत राहिला. इतका बोलणारा माणूस, आणि त्याची जीभ तिथं वळेना. तेरा वर्षं असंच होतं. छापखान्यातल्या सोबत्यांना, युद्धावर जाताना स्टेशनावर, क्लबात, डॉक्टरसमोर, सगळीकडे त्यानं तिची ओळख अशीच करून दिली होती, ही ग्लाशा. तिला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. तिला तो त्याचा लाजाळूपणा वाटायचा. आणि तिला फेन्या आली ती सकाळ आठवली, जी ती मुद्दाम आठवत नसे. दारात तो उभा, मागं गाठोडं घेतलेली पोरगी, तिच्या टोपीवर बर्फ. ग्लाफिरा हातात केरसुणी घेऊन मधोमध उभी. तो गोंधळला होता. काय बोलायचं ते त्यानं ठरवून आणलेलं नव्हतं, म्हणून जे आत होतं तेच बाहेर आलं.

"माझ्यासमोर म्हणाला," ग्लाफिरा म्हणाली. "तिला घेऊन आला त्या सकाळी. 'ग्लाफिरा साविश्ना, ही माझी बायको.' असं म्हणाला. मी दारातच होते."

"हाच शब्द? नक्की?"

"हाच. तो शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला, म्हणून लक्षात राहिला."

खोलीत आता कुणी हसलं नाही. घड्याळ बघणाऱ्या पंचानं मान वर केली. प्रोखोर ताडकन उठला, त्याचा चेहरा लाल झाला होता. ते सहज बोलण्याच्या ओघात निघून गेलं असेल, असं तो म्हणाला, आणि शिवाय कायद्याला तिऱ्हाईत लागतो. एका चुलीवर जेवणारी, रफू करणारी बाई तिऱ्हाईत कशी होईल? हे तो खरंच कळवळून म्हणत होता. न्यायाधीश बाईनं त्याला बसवलं आणि ग्लाफिराला विचारलं, या वेळी आवाज जरा खाली करून, बाईनं बाईला विचारावं तसं.

"तुम्हीच सांगा. तुम्ही यांच्या कोण लागता?"

ग्लाफिराला वाटलं होतं हे फार जड जाईल. जड गेलं नाही. फार दिवस हातात धरलेली पिशवी खाली ठेवावी, तसं झालं; बोटं तेवढी दुखली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी तिऱ्हाईत. सूप जास्त व्हायचं, म्हणून द्यायची."

निकाल लागायला फार वेळ लागला नाही. फेन्या बायको ठरली, खोलीतून तिला कुणी हलवू शकत नाही असं वाचून दाखवलं, आणि पुढच्या माणसांना आत बोलावलं. बाहेर गटारं भरून वाहत होती. फेन्या आभार मानेल अशी ग्लाफिराला धास्ती होती, पण फेन्याला त्याचं भान नव्हतं. ती भिंतीला टेकून रडत होती, जिंकलेलं माणूस रडतं तसं नव्हे, दमलेलं रडतं तसं. प्रोखोर चार पावलं दूर उभा राहून सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होता आणि ती ओल्या वाऱ्यात पेटत नव्हती. तिघांना एकाच बाजूला जायचं होतं. दुसरीकडे जायला कुणालाच जागा नव्हती. प्रोखोर एकदाच बोलला. "तुला यातून काय मिळालं?" असं त्यानं विचारलं, आणि त्यात राग नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं. तिलाही सांगता आलं नसतं. तिनं खांदे उडवले आणि ट्राम आली का ते बघितलं.

ट्राम आली. गरोदर बाईला पुढच्या दारानं चढू देतात, म्हणून फेन्या पुढून चढली; ही दोघं मागून. तिकीटवाली बाई गळ्यात तिकिटांच्या गुंडाळ्या अडकवून उभी होती, फार ओरडून तिचा घसा बसला होता. तिनं विचारलं किती. प्रोखोर घरातल्या कर्त्या माणसासारखा खिशात हात घालत म्हणाला, "तीन. एक बाई पुढून चढलीय."

"यांची दोन," ग्लाफिरा म्हणाली. "माझं वेगळं."

तिकीटवालीनं वैतागून एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. दिवसभर अशीच माणसं भेटत असणार तिला, सुट्ट्या पैशांवरून घोळ घालणारी. "एकाच घरची ना तुम्ही?" ती म्हणाली.

"एकाच खोलीतली," ग्लाफिरा म्हणाली, आणि आपले पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले.